पंगत उठल्यावर

मी पालिकेत आरोग्य निरीक्षक म्हणून रुजू झाले, तेव्हा आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. भांडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसतं ताट वाढायची आणि उठून जायची. शेवटी वडिलांनी तिला विचारलंच. तेव्हा म्हणाली, "आपल्या माणसांच्या हातातला झाडू सुटावा म्हणून हिला शिकवली. आणि ही शिकून परत कचऱ्याकडंच निघाली."

वडील अळणावरकडचे. तिथं लाकडाच्या डेपोत ओंडके चढवायचे, मग आमच्या शाळेसाठी हुबळीत आले आणि हमाली करू लागले. आमचं घर बौद्ध. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. इथं सगळ्यांचंच तसं आहे. या लेखातली बहुतेक बोलणी कन्नडमध्येच झाली, मी ती मराठीत लिहिते आहे एवढंच. तर मी आईला म्हटलं, "मी झाडायला नाही, झाडणाऱ्यांच्या बाजूनं बोलायला चालले आहे." हे वाक्य मी आधीपासून जुळवून ठेवलं होतं. तिच्यावर त्याचा काहीएक परिणाम झाला नाही.

आरोग्य निरीक्षक म्हटलं की पुण्याकडच्या नातेवाइकांना दवाखाना आठवतो. आमचं काम असं: सकाळी उजाडता उजाडता वॉर्डात हजर व्हायचं, सफाई कामगारांची हजेरी घ्यायची, घंटागाड्या वेळेत निघतात का बघायचं, आणि मग दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. गटार तुंबलं, गाडी आली नाही, शेजारीण आमच्या दारात केर टाकते. नोकरीतली बरीच वर्षं मी हेच केलं आणि त्यात सांगण्याजोगं फारसं काही नाही. सांगण्याजोगं आहे ते शेवटच्या काही वर्षांतलं, कमरीपेठेजवळच्या आमच्या सुक्या कचऱ्याच्या शेडचं.

ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हा नियम आला तेव्हा कमरीपेठ माझ्याकडं होती. जुनी पेठ. अरुंद बोळ, खाली दुकान आणि वर घर. शिंपी, तांब्यापितळेचं काम करणारे, मसाले कांडणारे. मी दारोदार फिरून सांगत होते, भाजीची देठं एका डब्यात, कागद-प्लास्टिक दुसऱ्यात. बायका माना डोलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी सगळं एकाच पिशवीत बांधून द्यायच्या.

एका बोळाच्या तोंडाशी एक वयस्क शिंपीकाका बसायचे. मराठीच. त्यांना मी समजावत होते, तर त्यांनी मशीन थांबवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "बाई, मी वेगळं करून देतो. पण तुमच्या गाडीत ते परत एकच होतंय की."

"नाही हो काका."

"चला बघू."

गाडी बोळाबाहेर उभी होती. सत्तरीचा माणूस चाकावर पाय देऊन वर चढला, आत डोकावला आणि मला हात करून बोलावलं. गाडीला एकच मोठा हौद होता. देठं, दूधपिशव्या, डायपर, सगळं एकमेकांत मिसळून पडलेलं. काका म्हणाले, "माझ्या गिऱ्हाइकाला मी असं कापड परत दिलं असतं तर त्यानं मला मारलं असतं."

मला फार लाज वाटली, पण त्यांचं म्हणणं खरं होतं. गाडीचा ड्रायव्हर ईरण्णा खाली उभा राहून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा हौदाच्या मधोमध फळ्या ठोकून दोन खण केलेले होते. त्याचा मेहुणा सुतार होता, त्याच्याकडून करून घेतलं म्हणाला. नव्या दोन खणांच्या गाड्या पुढं आल्याच, पण आमच्या वॉर्डात पहिली ती ईरण्णाची. काका परत वर चढले, फळी हलवून बघितली आणि खाली उतरून सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आता जो मिसळून देईल त्यानं माझ्याकडं ब्लाउज शिवायला टाकू नये." त्या बोळात आठवड्याभरात जे घडलं ते माझ्या पत्रकांनी वर्षभरात घडलं नव्हतं.

पण कचरा वेगळा मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. सुक्या कचऱ्याचा पुन्हा एकेक जिन्नस वेगळा करावा लागतो. पाण्याची पारदर्शक बाटली वेगळी, तिचं टोपण वेगळं, दूधपिशवी वेगळी, बादली-मग वेगळे, पुठ्ठा वेगळा. एकेका प्लास्टिकची वितळण्याची तऱ्हा निराळी. एकात दुसरं गेलं की कारखानदार सगळा माल परत पाठवतो. आणि हे काम येणारी माणसं पालिकेत नव्हती. ती होती गावाबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगरावर, पाठीला पोतं लावून.

हुलिगेव्वा मला तिथंच भेटली. उंच, काटक, कपाळभर कुंकू, आणि आवाज असा की डोंगराच्या या टोकाहून त्या टोकाच्या बाईशी ती सहज बोलायची. नवरा गेलेला, एक मुलगी, रेणुका. मी तिला सांगितलं, कमरीपेठेजवळ पालिकेची एक जुनी पत्र्याची शेड रिकामी आहे. सावलीत बसून निवडायचं, विकून येईल ते तुमचंच.

ती म्हणाली, "ओळखपत्र देणार काय?"

मला वाटलं होतं ती आधी पैशाचं विचारेल. तिनंच सांगितलं, "बोळात शिरलो की लोक चोर म्हणतात. कुठं चप्पल गेली, तांब्या गेला, की पहिली आमच्या पोत्यात बघतात. गळ्यात फोटोचं कार्ड असलं की कुणी पोतं उलटं करायचं नाही."

ओळखपत्रं मिळवायला मला बऱ्याच खेपा घालाव्या लागल्या. पण मिळाली. सोबत हिरवे एप्रनही आले. कार्ड गळ्यात घातल्यावर हुलिगेव्वा पहिल्यांदा कुठं गेली असेल, तर ज्या बोळात तिचं पोतं उलटं केलं होतं त्या बोळात. काम काही नव्हतं. नुसती या टोकाकडून त्या टोकाकडं चालत गेली आणि परत आली.

आता अडचण आली ती खादरभाईंची. इकडं भंगाराला गुजरी म्हणतात, आणि खादरभाई त्या भागातले जुने गुजरीवाले. या बायका इतकी वर्षं त्यांनाच माल घालत होत्या. शेड निघाली तशी त्यांनी बायकांना सांगून टाकलं, शेडमधला माल मी घेणार नाही. मी त्यांच्या दुकानी गेले. त्यांनी चहा मागवला आणि सरळ मनातलं बोलले.

"अक्का, तुम्ही सरकारी माणूस. शेड काढाल, फोटो काढाल, तुमची बदली होईल आणि शेडला कुलूप लागेल. मग या बायका परत माझ्याच दारात येतील. मधल्यामध्ये माझी गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच."

यात खोटं काय होतं? असं कुलूप लागलेल्या दोनतीन योजना मीच पाहिलेल्या होत्या. मी म्हटलं, "मग तुम्ही आत या. माझी बदली झाली तरी तुम्ही असाल ना. काटा शेडमध्ये लावा, सगळ्यांसमोर वजन करा आणि माल तुम्हीच घ्या."

खादरभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "माल स्वच्छ पाहिजे. आणि निवडायचं कसं ते मी दाखवणार. या बायका मोठ्या वस्तू ओळखतात, बारीक मालात गोंधळतात."

असा हा गुजरीवाला आमच्या शेडचा मास्तर झाला. पिशवी हातात चुरगळून आवाज ऐकायचा. कुरकुर वाजली तर एका ढिगात, मऊ राहिली तर दुसऱ्या. तुकडा पाण्यात टाकून तरंगतो का बुडतो बघायचं. हुलिगेव्वा लवकरच त्यांच्याइतकी तयार झाली आणि दोघांचे वाद सुरू झाले. ते वाद ऐकत बसणं हा माझा दुपारचा विरंगुळा होता.

दूधपिशवीची गोष्ट इथंच सांगते. पिशवीचा कोपरा आपण कापतो आणि तो नखाएवढा तुकडा कुठंतरी पडतो, गटारात जातो. तो परत हाती येत नाही. शिवाय पिशवी न धुता दिली की दुसऱ्या दिवशी तिला असा वास सुटतो की सगळा ढीग वाया जातो. हुलिगेव्वानं घरोघरी एकच सांगायला सुरुवात केली, "कोपरा कापा, तोडू नका. आणि पिशवी विसळून वाळवा." बोळातल्या महिला संघानं ते उचललं. बायका एकमेकींच्या दोरीवर नजर ठेवू लागल्या, कुणाच्या पिशव्या वाळताहेत आणि कुणाच्या नाहीत. एक दिवस मी घरी आले तर आमच्या दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी दूधपिशव्या लावलेल्या, कोपरे तसेच लोंबत. आई आत भाकरी थापत होती.

शेड चालू लागली आणि मग तिच्यावर गदा आली. जागा मोक्याची होती. आसपासच्या काही मंडळींचं म्हणणं पडलं की वस्तीजवळ कचरा नको, तिथं गाड्या लावायला जागा करा. अर्ज गेले. आमचे साहेब भले होते, पण त्यांनाही वरून विचारणा होती. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "उन्हाळा संपेपर्यंत मुदत आहे. ही शेड गावाला पाहिजे आहे असं गावानंच म्हटलं पाहिजे. तुम्ही म्हणून उपयोग नाही."

गावानं म्हणायचं म्हणजे कुणी आणि कसं? मी शिंपीकाकांना सांगितलं, त्यांनी सह्या गोळा केल्या. पण एका पेठेच्या सह्यांनी भागणार नाही हे मला कळत होतं.

त्याच सुमारास रेणुकाचं लग्न ठरलं. मुलगा अळणावरजवळच्या एका खेड्यातला, घरची थोडी शेती. आमच्या भागात मोठी सामूहिक लग्नं होतात. एकाच मांडवात कितीतरी जोडप्यांच्या अक्षता पडतात, हजारो माणसं जेवतात, खर्च दानशूर लोक उचलतात. हुलिगेव्वानं रेणुकाचं नाव अशाच एका लग्नात नोंदवलं. तिला आनंद होता, पण एक बोच होती. मला म्हणाली, "बीगरांना मी पालिकेत काम करतो एवढंच सांगितलंय. काय काम ते सांगितलं नाही." बीगरु म्हणजे व्याही, आणि बीगती म्हणजे विहीण.

मी म्हटलं, "खोटं तर नाही ना ते."

"खोटं नाही," ती म्हणाली. "पण पुरतं पण नाही."

आणि मग योग असा की त्या लग्नाच्या समितीचे प्रमुख गौडर आमच्या कचेरीत आले. मोठे जमीनदार, पांढरं धोतर, शब्दाला वजन असलेला माणूस. लग्नानंतरचा कचरा उचलायला त्यांना जादा गाड्या हव्या होत्या. दरवर्षी ट्रकच्या ट्रक भरून उष्टं, पत्रावळ्या, प्लास्टिकचे पेले, बाटल्या, सगळं एकत्र डोंगरावर जाऊन पडायचं. मैदान पुढं कितीतरी दिवस घाण राहायचं.

मी म्हटलं, "गौडर, गाड्या नकोत. हे काम आमच्या शेडच्या बायकांना द्या. त्यातलं जवळजवळ काहीच डोंगरावर जाणार नाही."

ते विचारात पडले. मग म्हणाले, "देऊ की. पण बाई, मंगलकार्य आहे. पंगती उरकल्या, माणसं पांगली, की मागच्या फाटकानं येऊ द्या त्यांना."

मी शेडमध्ये येऊन हे सांगितलं. हुलिगेव्वा बाटल्यांची टोपणं काढत होती. हात न थांबवता म्हणाली, "मागच्या फाटकानं मी येत नाही. माझी पोरगी पुढच्या फाटकानं मांडवात जाणार."

खादरभाई काट्याजवळ बसले होते. त्यांनी वेगळाच मुद्दा काढला. "मान-अपमान राहू दे बाजूला. पंगती उरकल्यावर जाऊन करणार काय? बाटलीत सार गेलं, पत्रावळीत बाटली गेली, वर भात पडला. तो माल कुणी घेत नाही. निवडायचं असेल तर माणूस पानावरून उठतो तिथंच उभं राहिलं पाहिजे."

हे मला आधीच सुचायला हवं होतं. आता मला गौडरांकडं जायला पक्कं कारण मिळालं. मी हुलिगेव्वाला बरोबर घेतलं आणि लग्नाच्या मैदानावर गेले. तिथं चुली मांडायचं काम चाललं होतं. गौडर एका खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्यासमोर शिवलिंगप्पा आचारी उभे होते. धारवाडपर्यंतच्या मोठमोठ्या लग्नांचा स्वयंपाक त्यांच्याकडं असायचा. देह भरभक्कम, स्वभाव कडक. त्यांच्यापुढं गौडरही जरा सांभाळूनच बोलायचे.

मी खादरभाईंचं म्हणणं सांगितलं. मांडवाच्या चारी कडांना पिंपं लावू, प्रत्येक ठिकाणी आमच्या बायका उभ्या राहतील, जेवून उठणारा माणूस स्वतःच्या हातानं उष्टं एका पिंपात, पत्रावळ दुसऱ्यात आणि बाटली तिसऱ्यात टाकेल.

गौडर म्हणाले, "लोक ऐकायचे नाहीत. आणि पाहुण्यांसमोर या बायका..."

मी म्हटलं, "गौडर, या हुलिगेव्वा. यांची रेणुका तुमच्याच मांडवात नवरी आहे."

गौडरांनी तिच्याकडं पाहिलं. ती पदर डोक्यावर घेऊन ताठ उभी होती. बोलले ते शिवलिंगप्पा.

"गौडर, मी एवढी लग्नं केली. गव्हाची गोड हुग्गी चांगली झाली म्हणून लोक नाव काढतात, आणि संध्याकाळी त्याच मैदानात माझ्या अन्नात कुत्री लोळतात. मला ते बघवत नाही, म्हणून मी कधी शेवटपर्यंत थांबत नाही. या बाया ते सांभाळणार असतील तर मी प्लास्टिकचा एक पेला मांडवात येऊ देत नाही. स्टीलचे माझ्याकडं आहेत, धुवायला माणसं देतो. बाटल्या कुणी दान दिल्यात त्या राहू देत." मग हुलिगेव्वाकडं वळून म्हणाले, "किती जणी आहात? पहिल्या पंगतीला बसायचं. पोटात अन्न असल्याशिवाय माझ्या मांडवात कुणी कामाला लागत नाही."

"आणि फाटक?" हुलिगेव्वानं विचारलं.

शिवलिंगप्पांनी गौडरांकडं पाहिलं. गौडर खुर्चीतून उठले. म्हणाले, "फाटक एकच आहे. पुढचं."

लग्नाच्या दिवशी सकाळी हुलिगेव्वा हिरव्यागार इरकल साडीत, बांगड्या भरून, नवरीची आई म्हणून मांडवात होती. एवढ्या जोडप्यांत रेणुका कुठं आहे हे मला हुलिगेव्वाच्या आवाजावरून कळलं. अक्षता पडल्या. मंगळसूत्र बांधून झालं. तिनं मुलीच्या पाठीवरून हात फिरवला, डोळे पुसले आणि पहिल्या पंगतीला बाकीच्या बायकांबरोबर पानावर येऊन बसली. शिवलिंगप्पांनी स्वतः वाढलं. हुग्गी, वांग्याची भाजी, भात, सार. बायकांच्याच पलीकडं गौडरांचे पाहुणे बसले होते. काहींनी माना वळवून पाहिलं. पण आचारी स्वतः वाढतो आहे म्हटल्यावर कुणी शब्द काढला नाही.

जेवण झालं आणि तिनं पिशवीतून हिरवा एप्रन काढला.

मी जवळ जाऊन म्हटलं, "हुलिगेव्वा, आजचा दिवस तू राहू दे. बाकीच्या आहेत की."

"मी नसलो तर आवाज कोण देणार?" ती म्हणाली. आणि इरकलवर एप्रन बांधून मांडवाच्या पुढच्या कडेला, सगळ्यांत गर्दीच्या पिंपांपाशी जाऊन उभी राहिली.

पहिली मोठी पंगत उठली तेव्हा सगळं फसतंय असंच वाटलं. लोक हातातलं सगळं जवळच्या पिंपात टाकून पुढं जात होते. एक गृहस्थ म्हणाले, "जेवायला आलोय, कामाला नाही." आमच्या बायका पिंपात हात घालून बाटल्या बाहेर काढत होत्या आणि मागून लोंढा येतच होता. हुलिगेव्वा ओरडून सांगत होती, पण नवरीची आई ओरडते आहे की सफाईवाली, हे लोकांना कळत नव्हतं.

तेवढ्यात मला अळणावरकडचे तिचे व्याही येताना दिसले. रुमाल बांधलेला, मिशा पांढऱ्या. मागं त्यांच्या गावची बरीच माणसं. व्याह्यांच्या हातात उष्टी पत्रावळ आणि अर्धी भरलेली बाटली. ते तिच्यासमोर येऊन थांबले. त्यांनी साडी पाहिली, एप्रन पाहिला, तिच्या कोपरापर्यंत माखलेल्या हातांकडं पाहिलं. हुलिगेव्वाचा आवाज बंद झाला होता.

म्हातारे म्हणाले, "हे कुठं टाकू, बीगती?"

तिनं कोपरानं पिंप दाखवलं. मग म्हणाली, "उष्टं यात. पत्रावळ त्यात. बाटलीतलं पाणी ओता आणि बाटली इकडं."

त्यांनी तसंच केलं. एकेक, सावकाश. पाणी जवळच्या झाडाच्या बुंध्याशी ओतून आले. मग पुढं गेले नाहीत. तिच्या बाजूला उभे राहिले आणि मागून येणाऱ्या आपल्या गावच्या माणसांना सांगू लागले, "एकात कोंबू नका. माझ्या बीगतीचं काम आहे हे. बाटली इकडं, पत्रावळ तिकडं." कुणीतरी हसून काहीतरी म्हणालं, त्यावर ते म्हणाले, "शेतात तू तण आणि पीक एकाच पेंढीत बांधतोस काय रे?"

त्यानंतर त्या कडेला गडबड झाली नाही. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यानं सांगितलं म्हटल्यावर लोक रांगेनं येऊ लागले. एका कडेचं बघून दुसऱ्या कडेलाही तसंच होऊ लागलं. बायका बायकांना सांगू लागल्या, मुलं बाटल्यांची टोपणं काढून देऊ लागली. शिवलिंगप्पा चुलीवरचा झारा हातात घेऊनच बघायला आले आणि मान हलवून परत गेले.

दुपार कलली तशी पिंपं भरून वाहू लागली. तेव्हा खादरभाई आपला टेम्पो आणि दोन पुतणे घेऊन आले. त्यांना मी बोलावलं नव्हतं. म्हणाले, "माल कसा भरताय ते बघायला आलो." आणि बाह्या सारून पोती बांधायला बसले. ईरण्णानं उष्ट्याच्या खेपा अमरगोळला नेल्या. तिथं बाजाराच्या आवारापलीकडच्या एका शेतकऱ्यानं खतासाठी खड्डे तयार ठेवले होते. पत्रावळ्याही तिकडंच गेल्या. बाटल्या टोपण काढून, दाबून, पोत्यांत.

दिवस मावळायच्या आत मैदान मोकळं झालं. गौडर धोतराचा सोगा हातात धरून सगळं मैदान फिरून आले. कडेला एका जागी थोडे कागदी रुमाल होते, तेवढेच. माझ्यापाशी येऊन म्हणाले, "बाई, तुमच्या शेडचं काहीतरी अडलंय म्हणे?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मी आणि शिवलिंगप्पा उद्या येतो तुमच्या साहेबांकडं."

ते दोघे आलेच, शिवाय गावातल्या मंगल कार्यालयांचे मालकही आले. त्यांना शिवलिंगप्पांनी सांगितलं होतं म्हणे, यापुढं पिंपं लावल्याशिवाय मी तुमच्याकडं चूल पेटवणार नाही. साहेबांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. शेड तिथंच राहिली. गाड्यांसाठी दुसरी जागा निघाली. पुढं धारवाडलाही तशीच एक शेड झाली आणि तिथल्या बायकांना शिकवायला हुलिगेव्वा आणि खादरभाई एकाच टेम्पोतून भांडत जाऊ लागले. रेणुका सासरी सुखात आहे. तिच्या सासऱ्यांनी आपल्या गावात दुकानदारांकडून दूधपिशव्या गोळा करून इकडं पाठवायला सुरुवात केली. हुबळीला कुणी येणारं असलं की त्याच्या हाती एक पोतं देतात.

सगळं साधलं असं म्हणणार नाही. चिप्सच्या आणि सुपारीच्या चमकत्या पुड्यांचं अजून काही होत नाही. त्यात प्लास्टिक आणि वर्ख एकमेकांना इतके चिकटलेले असतात की ते कुणाला सोडवता येत नाहीत, म्हणून त्या सिमेंटच्या भट्टीत जाळायला जातात. काही वॉर्डांत अजून फळीच नाही, ना गाडीत ना माणसांच्या मनात. आणि ज्या बायका हे करतात त्यांना पालिकेच्या कामगारांसारखी कायमची नोकरी मी मिळवून देऊ शकले नाही, हे मला लागून आहे.

निवृत्तीच्या दिवशी कचेरीत शाल, नारळ, भाषणं झाली. तिथून मी शेडकडं गेले. मला वाटलं होतं तिथंही काहीतरी केलं असेल. तर दारात मोठा ट्रक उभा. दाबून बांधलेले प्लास्टिकचे गठ्ठे त्यात चढत होते, आणि माझ्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती. हुलिगेव्वा एका गठ्ठ्याखाली खांदा देऊन उभी होती. तिनं मला बघितलं आणि म्हणाली, "अक्का, शाल तिकडं ठेवा आणि ही बाजू धरा."

मी शाल काट्यावर ठेवली आणि बाजू धरली. गठ्ठा जड होता. आम्ही दोघींनी मिळून तो वर ढकलला, खादरभाईंच्या पुतण्यांनी ओढून घेतला, ड्रायव्हरनं दोर आवळला. ट्रक वळून रस्त्याला लागला. त्यातली प्रत्येक दूधपिशवी कुणाच्या तरी दोरीवर वाळलेली होती.

हुलिगेव्वानं हात झटकले आणि आतल्या बायकांना आवाज दिला, "पुढचा ढीग घ्या गं."